धोंडप्पाच्या बैलांचे फ्रेंच हुकूम

चारठाण्याच्या धोंडप्पाचा स्वतःच्या सावलीवरसुद्धा भरवसा नव्हता. गाडी जुंपून निघाला की चार पावलांवरून परत यायचा आणि दाराची कडी ओढून बघायचा. आत भाकरी थापत बसलेली त्याची बायको शिवम्मा ओरडायची, "अवं, मी हाय की घरात!" त्यावर तो म्हणायचा, "म्हनूनच बघायलोय." आता या माणसाबरोबर संसार कसा करायचा, ते तिचं तिलाच ठाऊक.

लिंगायत वाण्याचं पोर, पण दुकानाच्या गादीवर कधी बसलं नाही. चारठाण्याहून सेलूच्या स्टेशनावर सरकी, भुईमूग, गूळ पोचवायचा हा त्याचा धंदा. बसव्या आणि हरण्या ही त्याची खिलारी जोडी साऱ्या वाटेवर नावाजलेली होती. पण दुसऱ्या कुणी शेपटी पिरगाळो, जीभ टाळ्याला लावून आवाज काढो, नाहीतर चाबूक ओढो, ती जोडी जागची हलत नसे. मग धोंडप्पा खाली उतरायचा, इकडंतिकडं बघायचा, बैलांच्या कानाशी वाकून "आव्हाँस" म्हणायचा आणि गाडी निघायची. "आरेत" म्हटलं की बैल थांबत. "रक्यूल" म्हटलं की मागं सरत.

गावानं आपापल्या परीनं याचा अर्थ लावला होता. कुणी म्हणे मंत्र आहे, कुणी म्हणे करणी. तरण्यापणी धोंडप्पा बापाशी भांडून जालन्याला पळाला होता आणि गोऱ्यांच्या पलटणीत खेचरं हाकायला लागून चौदा सालच्या लढाईत थेट फ्रान्सला गेला होता. परत आला तेव्हा जंगमानं, म्हणजे त्यांच्या गुरूनं, त्याला शुद्ध करून नव्यानं लिंग बांधलं, तरी कित्येक वर्षं भाऊबंद त्याला पंगतीत कडेला बसवत. समुद्रापलीकडं यानं काय खाल्लं आणि काय प्यालं, हा संशय काही जंगमाला धुता आला नाही.

खरी गोष्ट एवढीच होती की तिथली काही खेचरं तिथंच विकत घेतलेली होती आणि त्यांना फ्रेंचखेरीज काही कळत नव्हतं. हवालदारानं शिव्या दिल्या, काठ्या मोडल्या, खेचरं ढिम्म. शेवटी ज्या मळ्यात पलटण उतरली होती तिथली विधवा मालकीण लाकडी जोडे वाजवत आली आणि एक शब्द बोलली. खेचरं चालायला लागली. बाकीचे हसले, धोंडप्पा मात्र विचारात पडला. ज्या जनावराची बोली कुणाला येत नाही, ते जनावर चोर नेणार कसा? त्यानं त्या बाईकडून फ्रेंच शिकून घेतलं, पण हुकमांपुरतंच. त्याला 'मला भूक लागली' असं म्हणता येत नव्हतं, 'भाकरी दे' असं मात्र म्हणता येत होतं.

लग्नानंतर एकदा खुशीत असताना त्यानं शिवम्माला ही विद्या उलगडून सांगितली. "हुकमात 'तू', 'तुमी' असं काय म्हनायचं न्हाई, नुसतं काम सांगायचं. आपलं मानूस असंल, जनावर असंल, तर आव्हाँस. मोठं मानूस असंल, न्हाईतर लय जन असतील, तर शेवटाला 'ए' लावायचा, आव्हाँसे. आन आपुन समदे मिळून जायाचं असंल तर आव्हाँसों."

"म्हंजे चल, चला आन चलू," शिवम्मा म्हणाली.

"हं. आन करू नको म्हनायचं असलं तर कामाच्या पुढं एक 'न' आन मागं एक 'पा'. दोन्हीकडून दावं बांधल्यावानी. न बूज पा, म्हंजे हलू नको."

"मग हलू नका म्हनायला न बूजे पा?"

बायकोला एवढ्या लवकर कळतंय हे धोंडप्पाला बरं वाटलं नाही. त्या दिवसापासून त्यानं तिला एक शब्द शिकवला नाही.

पण शिवम्माच्या डोक्यात वेगळाच किडा शिरला होता. "ती मळ्यातली बाई तुमाला बोलवायची तवा काय म्हनायची?" तिनं विचारलं.

"वने. म्हंजे या."

"आन तुमी गोठ्यात बैलाला 'व्याँ, व्याँ' म्हनता, ते?"

"ते 'ये'. आपल्या मानसाला म्हनत्यात."

"तुमी कुनाच्या तोंडून ऐकलं ते?"

धोंडप्पा उठून बाहेर निघून गेला, आणि ती बाई यालाच 'व्याँ' म्हणत असणार, असं शिवम्मानं धरलं. शेजारच्या नागुबाईनं त्यात तेल ओतलं. गड्याच्या जातीवर आणि गोऱ्या बायांवर ती बोलायला लागली की तिला आवरणं कठीण. आपल्याशी कधी दोन शब्द गोड न बोलणारा नवरा बैलाला एवढ्या लाडानं बोलावतो, हे शिवम्माला झोंबायचं. तो गोठ्यात शिरला की ती कुडाच्या भिंतीला कान लावून उभी राहायची. वर्षं गेली, लेक उजवून झाली, शिवम्माचे केस पिकले. एवढ्या वर्षांत त्या बाईचं नाव काही कानावर पडलं नाही. हुकूम मात्र सगळे पाठ झाले.

मग सत्तेचाळीस साल उजाडलं आणि वारंच नासलं. देश स्वतंत्र झाला, निजामाचं राज्य मात्र तसंच राहिलं. विहिरीवर अनोळखी माणसानं पाणी मागितलं तरी बाया घागर उचलून चालू लागत. कोण कुणाचा खबऱ्या, सांगता येत नव्हतं. त्यातच सेलूच्या वाटेवर एका नाक्यावर जमादारानं धोंडप्पाची गाडी अडवली. सरकारी सामान वाहायला गाडी पाहिजे, म्हणाला. शिपाई गाडीवर चढला, बैल हलेनात. धोंडप्पा सवयीनं इकडंतिकडं बघून हरण्याच्या कानाशी वाकला. नेमकं तेच जमादाराच्या डोळ्यांत भरलं.

"क्या बोला? जोर से बोल!"

धोंडप्पानं तोंड मिटलं. अहो, बोलून मोकळा झाला असता तर काय बिघडलं असतं? पण ज्याच्या जिवावर जोडी सांभाळली, ते असं भर रस्त्यात शिपायांपुढं उघड करायचं त्याच्या जिवावर आलं. जमादाराला वाटलं, ही नक्कीच निजामाविरुद्ध उठलेल्या काँग्रेसवाल्यांची खुणेची बोली. त्यानं धोंडप्पाला कोठडीत घातलं.

मागून येणाऱ्या लिंबाजी गाडीवानानं चारठाण्यात बातमी आणली, आणि शिवम्मा त्याच्याच गाडीतून नाक्यावर आली. बैलांच्या पाठीवर वळ उठले होते. जमादार म्हणाला, तुझ्या नवऱ्याला उद्या परभणीला धाडतो, आणि हे बैल कसाबाला देतो. जे चालत नाहीत ते ठेवून काय करायचं?

शिवम्माच्या घरात बसवाला, म्हणजे नंदीला, हात जोडल्याशिवाय कुणी घास घेत नसे. ती कोठडीच्या गजांशी गेली. "अवं, सांगून टाका की."

धोंडप्पानं मान हलवली. "तू मधी पडू नको. त्येंला सांगितलं तर समदंच गेलं."

"बैल जायलेत, ते दिसंना का तुमाला?"

ती वळली आणि गाडीसमोर उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि साऱ्या नाक्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आव्हाँस!"

जू कुरकुरलं, गाडी निघाली. "आरेत!" बैल थांबले. "रक्यूल!" बैल मागं सरले. शिपाई आ वासून बघत राहिले. मग तिनं जमादाराला एकेक हुकूम आणि त्याचा अर्थ सांगितला, लढाईवरची खेचरं सांगितली, काही म्हणता काही झाकून ठेवलं नाही. जमादारानं स्वतः "आरेत" म्हणून बघितलं, बैलांनी त्याचंही ऐकलं, तेव्हा तो पोट धरून हसला. एवढं उघड झाल्यावर संशय धरायला जागाच उरली नव्हती. नवरा आणि जोडी दोन्ही सुटली.

परतीच्या वाटेवर शिवम्मा वाट बघत होती, हा आता काहीतरी बोलेल. धोंडप्पा गाडीत न बसता मागून चालत होता. मग गाडीच्या बरोबरीनं येऊन त्यानं विचारलं.

"कुनी शिकवलं तुला?"

"तुमीच. भिंतीआडून ऐकलं. मला वाटायचं, तुमच्या मनात ती बाई हाय."

"कुठली बाई?" तो म्हणाला. त्याला खरंच आठवायला वेळ लागला. "ती? म्हातारी होती की ती. खेचरालाच 'व्याँ' म्हनायची." मग तो थांबला आणि कपाळाला हात लावून म्हणाला, "आता जमादाराला ठावं झालं. शिपायांला झालं. तुलाबी."

जन्मभर उराशी धरलेला संशय एका वाक्यात गळून पडला होता, पण शिवम्माला आनंद झाला नाही. आपलं नाव त्यानं शिपायांच्या ओळीत घातलं, हे तिला फार लागलं.

दुसऱ्याच दिवशी धोंडप्पा गोठ्यात बैलांना नवे हुकूम शिकवायला बसला. नुसता 'ए' लावून भागणार नव्हतं, तेवढं बायको ओळखणार. म्हणून त्यानं शब्दच बदलले. जुना हुकूम दिला आणि बैल हलले की तो वेसण ओढायचा. शिवम्मा दारात आली तशी त्यानं जीभ चावली.

"शिकवा, शिकवा," ती म्हणाली. "मी जात्यावर बसते. मला काय ऐकू येनार न्हाई."

आणि खरंच, तो गोठ्यात गेला की ती मोठमोठ्यानं ओव्या म्हणत दळायची. आता तिला भिंतीआडचं काहीच ऐकायचं नव्हतं. धोंडप्पा बिचारा निश्चिंत झाला.

शिमगा सरला आणि धोंडप्पा तापानं गेला. लिंगायतांच्या रीतीप्रमाणं त्याला बसवून माती दिली. दिवस उरकल्यावर शिवम्मानं गाडी जुंपली आणि "आव्हाँस" म्हटलं. बैलांनी कान टवकारले, गोठ्याच्या दाराकडं वळून बघितलं आणि उभे राहिले. ती पुन्हा म्हणाली. हरण्यानं पाऊल उचललं आणि वेसणीच्या धाकानं परत ठेवलं. तेव्हा मात्र शिवम्मा बसव्याच्या मानेवर डोकं टेकून रडली. सगळ्या मातीत रडली नव्हती एवढी रडली. "कुनाच्या भ्यानं शिकवलं हे यांला," ती नागुबाईला म्हणाली, "माझ्याच ना?"

त्या उन्हाळ्यात ती रोज सकाळी जोडी घेऊन गावाच्या मधोमध यायची आणि बैलांना पहिल्यापासून शिकवायची. चल म्हटलं की चालायचं, थांब म्हटलं की थांबायचं. येणारीजाणारी माणसं बघायची, पोरं मागून ओरडायची, आणि ती त्यांनाही म्हणायची, "म्हना, म्हना, तुमीबी म्हना." पोळ्यापर्यंत ती जोडी गावातल्या कुणाच्याही हाकेला चालायला लागली.