मागे ऐकू येतंय का?

मी त्यांना भाऊजी म्हणते, बाकी सारं शहर त्यांना 'हॅलो' म्हणतं. माइकवाल्याला दुसरं काय म्हणणार? लग्न असो, सभा असो, शाळेचं संमेलन असो, भाऊजी आधी माइक हातात घेऊन विचारणार, "हॅलो, मागे ऐकू येतंय का?" मागून हात वर झाला की माइक जागेवर ठेवून मिक्सरपाशी जाऊन बसणार. माइकवर याहून एक अक्षर जास्त ते कधी बोलले नाहीत. घरी मात्र तोंडाचा पट्टा चालूच. तो मागचा हात बहुतेक वेळा माझा असायचा. मेहुणी म्हणून माझ्या वाट्याला आलेली ही बिनपगारी नोकरी.

त्यांचा बाणा एकच, माइकवाल्याला मत नसतं. पालिकेनं कचरा जाळून वीज करायचा प्रकल्प आणायचं ठरवलं आणि शहरात दोन तट पडले, तेव्हा या बाण्याची चंगळ झाली. काल ज्या माइकवर 'भट्टी झालीच पाहिजे' झालं, त्याच माइकवर आज 'भट्टी होऊ देणार नाही'. मधल्या वेळात भाऊजी माइकची जाळी पुसून घ्यायचे, एवढाच फरक.

पण मत होतं, आणि चांगलं ठणठणीत होतं. त्यांचं घर कचरा डेपोच्या भिंतीला लागून. उन्हाळ्यात तो ढीग आपोआप धुमसायला लागतो आणि धूर थेट स्वयंपाकघरात शिरतो. भाऊजींच्या आईला दम्याचा त्रास. असं उघड्यावर जळण्यापेक्षा एकदाचं नीट भट्टीत जाळा, असं त्यांचं म्हणणं. उलट माझी ताई, म्हणजे त्यांची बायको, डेपोच्या फाटकाशी कचरा निवडायची शेड चालवते. मीही तिथंच काम करते. पुठ्ठा, कागद, प्लास्टिक, यावर आम्हा सगळ्या बायकांचं पोट. भट्टीलाही नेमकं तेच हवं, कारण तेच झकास पेटतं.

त्यामुळे जेवताना रोज जुंपायची. ते म्हणायचे, आईचा खोकला तुला ऐकू येत नाही का? ती म्हणायची, येतो, पण शेडमधल्या बायकांनी खायचं काय? दोघांचंही खरं होतं, हीच पंचाईत. मी आपली वाढणाऱ्याच्या बाजूने.

मग पालिकेच्या सभागृहात जाहीर सुनावणी लागली. माइक अर्थातच भाऊजींचा. पालिकेचे वर्षभराचे कार्यक्रम त्यांच्याकडेच असायचे आणि घर बरंचसं त्यावरच चालायचं. अध्यक्षस्थानी मोठे साहेब. भट्टीवर त्यांचा फार जीव.

ताईचा नंबर आला. माइक तिनं हातोडीसारखा धरला होता. सुरुवातीला चाचरली, मग तिला सूर सापडला.

"जाळायचं ते जाळा," ती म्हणाली. "धूर आमच्याही घरात येतो, माझी सासू रात्रभर खोकते. पण कचरा आधी आमच्या हाताखालून जाऊ द्या. विकण्यासारखं आम्ही काढून घेतो, उरेल ते तुमच्या भट्टीत घाला. आणि हे कागदावर येऊ द्या, नाहीतर उद्या आमच्या शेडला कुलूप लागेल."

सभागृहात कुजबूज वाढली. साहेबांनी भाऊजींकडे बघून तळहात खाली दाबल्यासारखा केला. आवाज बारीक कर. शेवटच्या रांगेतून मला ते स्वच्छ दिसलं. भाऊजींचा हात बटणावरच होता. तो हलला नाही. साहेबांनी पुन्हा खूण केली. तरी नाही.

शेवटी साहेबांनी स्वतःचा माइक ओढला आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, "बाई, तुमचा माइक बिघडलाय. मागे कुणाला काही ऐकू येत नाहीये. लेखी द्या नंतर. पुढचे वक्ते, या."

ताई गोंधळली. हातातल्या माइककडे बघत राहिली.

भाऊजींना काहीही बोला, ते हसून सोडून देतील. त्यांच्या माइकला नावं ठेवायची नाहीत. पण त्या दिवशी प्रश्न तेवढाच नव्हता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते उठले, ताईच्या हातातून माइक घेतला आणि जन्मभर विचारलं तेच विचारलं.

"हॅलो. मागे ऐकू येतंय का?"

मी हात वर केला. शेजारच्या बाईनं केला. मग आमची रांग, पुढची रांग, त्याच्याही पुढची. भट्टी हवी म्हणून घोषणा देत आलेल्यांनीही हात वर केले, कारण ऐकू तर त्यांनाही आलं होतं. भाऊजी माझे कोणी लागतात याचा मला इतका अभिमान आजवर वाटला नव्हता.

भाऊजींनी माइक ताईला परत दिला. "बोल," एवढंच म्हणाले.

ती पहिल्यापासून सगळं पुन्हा बोलली. इतक्या हातांपुढे साहेबांना ते इतिवृत्तात लिहून घ्यावंच लागलं. पुढे भट्टी मंजूर झाली, पण आधी निवड आणि मग जाळणं या अटीवर. शेड आजही चालू आहे. पालिकेची कामं मात्र गेली. साहेबांनी त्याच दिवशी सभागृहातून जाता जाताच सांगितलं की पुढच्या वेळी येऊ नका. भाऊजींनी मान डोलावली आणि वायरी गुंडाळायला लागले.

स्पीकरचे बॉक्स टेम्पोत चढवताना ते ताईला म्हणाले, "तुझं सगळं पटलंय असं नाही हं. भट्टी मला हवीच आहे."

"माहीत आहे," ताईनं बॉक्सची दुसरी बाजू धरली. "उचला."