काशिनाथचा जवळून काढलेला फोटो

नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमची तोपखान्याची बॅटरी, म्हणजे तोफांची तुकडी, सीमेवर होती. मी हवालदार, टेक्निकल असिस्टंट. ड्यूटी ओपीवर. ओपी म्हणजे डोंगराच्या धारेवरचं ठाणं, जिथून समोरचा शत्रू दिसतो आणि मागच्या तोफांना अंतर कळवता येतं. तिथे आम्ही तिघं: एक कॅप्टन, मी आणि रेडिओवर नाईक काशिनाथ भोये. मी मखमलाबादचा, भाजीपाला करणाऱ्या घरातला. काशिनाथ हरसूलच्या पुढच्या पाड्यावरचा. बॅटरीत नाशिकचे आम्ही दोघंच.

अंतर काढणं हे माझं काम. यंत्राला दोन खिडक्या असतात, त्यातून एकाच वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. त्या एकमेकींवर आणायच्या आणि आकडा वाचायचा. माझा कॅमेराही ह्याच जातीचा होता. कोटाच्या खिशात मावणारा रेंजफाइंडर, सत्तरच्या दशकातला, जर्मन आणि जपानी कारखान्यांनी मिळून काढलेला. तसल्या बहुतेक छोट्या कॅमेऱ्यांची लेन्स निघत नाही. ह्याची निघायची. नाशिकला मेन रोडवरच्या एका दुकानात मला नुसती बॉडी मिळाली. लेन्स दुसरीकडून आणली, जुनी, रशियन, आट्यांची. मध्ये एक रिंग घातली आणि ती घट्ट बसली. सुट्टीत मी वांग्याच्या वावरात उभं राहून चामरलेण्याच्या डोंगराचे फोटो काढले. डोंगरावरचं झाडन् झाड मोजता येत होतं. मी खूश झालो. बॅटरीत कॅमेरावाला म्हणून माझा जरा रुबाबही होता.

ओपीवर जायच्या आदल्या दिवशी जवान फोटोसाठी आले. दाढ्या केलेल्या, केसांना पाणी लावलेलं. आभाळ भरलेलं होतं, उजेड कमी. मी लेन्सचं छिद्र पूर्ण उघडं ठेवलं, म्हणजे जुळवलेल्या अंतरावरचं तेवढंच स्पष्ट येणार.

काशिनाथ म्हणाला, "दादा, तोफेपाशी उभा ऱ्हातो. बुटापासून सगळा येऊ दे."

"तोफ कशाला? वहिनींना तोंड बघायचंय तुझं. इकडे ये, जवळ."

"जवळून नको. तोफेपाशीच बरं."

"मला शिकवतोस का?"

तो आला. हाताच्या अंतरावर उभा राहिला. फाइंडरमधल्या छोट्या पिवळ्या चौकटीत दोन काशिनाथ दिसत होते. मी लेन्स फिरवून त्यांचा एक केला.

"हलू नको. झाला."

वर दिवस सारखेच जात. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन सज्ज, मग बर्फ वितळवून चहा, मग दुर्बीण. काशिनाथ रेडिओ सेटवर बसून दर तासाला आवाज चेक करायचा. एका दुपारी खालून पायदळाची तुकडी पुढे निघाली होती आणि त्यांना आमच्या तोफांचा फायर हवा होता. तेवढ्यात आमच्यावरच गोळे पडू लागले. बंकरबाहेरची अँटेना आडवी झाली. सेट मुका.

कॅप्टनसाहेब म्हणाले, "अँटेना गया."

"साब, मैं देखता हूँ," काशिनाथ म्हणाला, आणि सरपटत बाहेर गेला. साहेबांनी 'हो' किंवा 'नाही' म्हणायच्या आत.

थोड्या वेळाने सेटमध्ये खरखर आली, मग मागच्या तोफांवरून आवाज आला. मी आकडे दिले. तोफा बोलल्या. समोरून आलेला पुढचा गोळा अँटेनेच्या अलीकडे, काशिनाथ होता तिथे पडला.

फायर संपल्यावर मीच सेट घेतला.

"एक कॅज्युअल्टी. ओव्हर."

"नाम बताओ. ओव्हर."

मी नाव सांगितलं.

रोल माझ्या सामानात तसाच राहिला. सुट्टीवर आल्यावर नाशिकला धुऊन घेतला. दरीचे फोटो चाकूच्या धारेसारखे स्पष्ट. जवळून काढलेले सगळे चेहरे पुसट. काशिनाथच्या मागे दोरीवर वाळत घातलेले मोजे होते, त्यांची वीण दिसत होती. काशिनाथ मात्र ओल्या काचेपलीकडे उभा असावा तसा.

मी घरी कॅमेऱ्याची पाठ काढली, फिल्मच्या जागी ट्रेसिंग पेपर चिकटवला आणि शटर उघडं ठेवलं. फाइंडरमध्ये खिडकीचा गज जुळवला. कागदावर गजामागची पेरूची फांदी उमटली. रशियन लेन्सही मुळात जर्मन नकलेचीच, पण वेगळ्या घराण्याची. तिचं माप किंचित वेगळं. लांबचं जुळतं, जवळचं मागे सरकतं. हे कळायला मला चहा गार होण्याइतकाही वेळ लागला नाही. नवीन जागी तोफ लावली की रजिस्टर केल्याशिवाय, म्हणजे आधी गोळे टाकून नेम तपासल्याशिवाय, आम्ही तिच्यावर विश्वास टाकत नाही. कॅमेऱ्यावर मी टाकला. तोफेपाशी उभा केला असता तर तो स्पष्ट आला असता.

हरसूलला बाजाराच्या दिवशी गेलो, म्हणजे जीप मिळते. पाड्यावर काशिनाथची बायको कमलवहिनी दारातच होत्या. फोटो न्यावा की नाही, ह्यावर मी वाटभर विचार केला होता. शेवटी दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरला, लांब केला, पुन्हा जवळ आणला. फोटोत काय बिघडलं ते मी सांगू लागलो. लेन्स, रिंग, माप. त्यांनी ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "हे वाळले व्हते का, दादा? तिकडं थंडी लय. ह्याच्यात कळत नाय."

"नाही वहिनी. चांगला होता."

"मंग बरं," त्या म्हणाल्या आणि फोटो पदराने पुसला.

काशिनाथने अँटेना उभी केली म्हणून पायदळाचे ते लोक त्या दिवशी जिवंत परतले. हे मी वहिनींना सांगितलं आणि ते खरं आहे. तो वाळला होता का, हे मला ठाऊक नाही. वर आम्ही एका बंकरमध्ये झोपत होतो, एका मगातून चहा पीत होतो, पण सगळेच कोटात आणि दाढीत. एकदाच तो तोंड धुऊन, भांग पाडून, बघ म्हणून माझ्यासमोर उभा राहिला होता. मी पिवळी चौकट बघत होतो.