तुळसाबाईचं रामेश्वर

महाल भागातली तुळसाबाई वीस वर्षं सहलींच्या गाड्यांबरोबर स्वयंपाकाला जात असे. फार पूर्वी ती नवऱ्याबरोबर काशीला गेली होती. तिथून गंगाजलाचा, तोंड झाळून बंद केलेला गडू आणला. ते पाणी आपण स्वतः रामेश्वराला नेऊन वाहिल्याशिवाय काशीयात्रा पुरी होत नाही. त्याआधीच नवरा, रुपराव, गेला. गडू देवघरात राहिला.

गेल्या डिसेंबरात आमच्या ऑफिसच्या चौदा जणांची दक्षिण सहल ठरली. वेळापत्रक मी आखलं. तुळसाबाईची एकच अट होती.

"भाऊ, रामेश्वरले मले एक सकाळ मोकळी पायजे. बाकी तुमी म्हणसान ते रांधते."

मी तसं कागदावर लिहूनही ठेवलं.

मुन्नारहून उतरताना घाटातल्या जंगलात रस्त्यावर झाड आडवं पडलं. सहा तास गाडी हलली नाही. तुळसाबाईनं रस्त्याकडेला शेगडी मांडून खिचडी केली, मागच्या गाडीतल्या लेकरांनाही वाढली. आमच्यातले कृष्णकांत म्हणाले, "तुळसाबाई, एवढ्या वर्षांनी गडूत पाणी आहे का नुसती वाफ?"

"वाफ असली तं तुमच्याच डोक्यावर वाहीन जी!"

सगळे हसले. तीही हसली.

रामेश्वरचा मुक्काम त्या झाडानं खाल्ला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता आम्ही पांबनच्या पुलावर होतो. देऊळ एकला बंद होणार होतं आणि दोनला कन्याकुमारीकडे निघायचं होतं. तरी दर्शन आटोपून स्वयंपाकाला वेळ होता. पण खाली सामुद्रधुनी, शेजारी रेल्वेचा पूल. आगगाडी दिसेल म्हणून सगळे उतरले, फोटो सुरू झाले. तुळसाबाई गडू मांडीवर घेऊन गाडीतच बसून होती.

"भाऊ, चला ना. कितीक वेळ उभे राहून राहिले?"

मी ऑफिसातल्या कामिनी मॅडमना दोनदा हाक मारली. त्या म्हणाल्या, "पुन्हा कधी येणार आपण?" मी तिसऱ्यांदा हाक मारली नाही. रेल्वे आली तेव्हा पन्नास मिनिटं गेली होती.

धर्मशाळेत पोचल्यावर मी तिला सांगितलं, "तू आत्ता देवळात गेलीस तर सगळे उपाशी निघतील. कामिनी मॅडम तुझं पाणी वाहतील, पुण्य तुलाच."

"काहून? त्यायनं आणलं होतं का काशीहून?"

एवढंच बोलून ती कांदे चिरायला बसली. आम्ही स्नान केलं, दर्शन घेतलं. परत आलो तेव्हा भात, वरण, वांग्याची भाजी तयार होती. कृष्णकांतांनी भाजी दोनदा मागून घेतली. गडूचं कोणीच विचारलं नाही, मीही नाही.

मार्चमध्ये गिरनारला जायचं ठरलं, म्हणून तिला फोन केला.

"नाही येत जी आता. गुडघे नाही चालत."

"पुढच्या वर्षी रामेश्वरला नेऊ तुला. नक्की."

पलीकडे कुकरची शिट्टी वाजली. तिनं गॅस बंद केला असावा.

"कांताबाईचा नंबर लिहून घ्या," ती म्हणाली. "हाताले चव हाय तिच्या. अन् तिचं काही मागणं नसते."

मी नंबर लिहून घेतला.