मामा आणि आमचा बंब

घरात एखादी वस्तू आजारी असताना आधी माणसांची विचारपूस करणारा मनुष्य मुळातच उथळ असतो, असं मानणारा एकच गृहस्थ मला आयुष्यात भेटला, आणि तो नेमका माझ्या धाकट्या बहिणीचा, शकूचा, सासरा निघाला. केडगावला पुणे रस्त्याच्या कडेला त्यांचा मळा होता, विहिरीवर ऑइल इंजिन होतं, आणि ते इंजिन त्यांनी इतक्यांदा खोललं होतं की ते मूळचं कसं होतं हे बनवणाऱ्यालाही सांगता आलं नसतं. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणत असू. मामा कुणाच्याही घरी गेले की पाण्याचा तांब्या तसाच ठेवून आधी चारी बाजूंना बघत आणि विचारत, "हितं काय बिगाडलंय?" काहीच बिघडलेलं नसलं तर त्यांचा चेहरा पडे. शकूच्या लग्नात वरपिता म्हणून त्यांना मिरवायचं होतं, तर हे मांडवाच्या कोपऱ्यात भडकलेल्या पेट्रोमॅक्सपुढे उकिडवे बसलेले. मंगलाष्टका झाल्या, अक्षता त्यांच्या पाठीवर पडल्या, आणि व्याहीभेटीला वडिलांच्या जागी मी उभा होतो, तर त्यांनी मला तशाच काजळलेल्या हातांनी मिठी मारली. माझ्या नव्या शर्टाच्या पाठीवर त्या भेटीची खूण शेवटपर्यंत राहिली.

त्यांची तपासणीची रीत एकच. कान लावायचा. इंजिनाला कान, घड्याळाला कान, गाभण गाईच्या पोटालाही कान. डोळे मिटून बराच वेळ ऐकत आणि मग निकाल देत. निकाल बहुतेक वेळा चुकत असे, पण त्याने मामांचा उत्साह तसूभरही कमी होत नसे. "वस्तू खोटं बोलत न्हाई, पाव्हनं," ते मला म्हणत, "आपल्याला ऐकू येत न्हाई, एवढंच."

शकू पहिल्या बाळंतपणाला नगरला आमच्याकडे आली. आई गेलेली, म्हणून सगळं माझ्या बायकोनंच केलं. मुलगी झाली. मुलगी गोरीगोमटी, गुटगुटीत. पण शकूचं मन काही थाऱ्यावर येईना. डोहाळजेवणाच्या दिवशी मामा सगळ्यांसमोर म्हणून गेले होते, "इंजिनाला आता नातू पायजे." निरोप धाडला तरी केडगावहून लवकर कुणी फिरकलं नाही. मामांची विहीर आटत चालली होती, ते त्यातच गुंतले होते; त्या दुष्काळाच्या साली कुणाची आटत नव्हती? पण बाळंतिणीला ते कोण समजावणार? "दादा, मामंजी हिला जवळ घेतील ना रे?" एवढंच ती विचारायची, आणि मी उगाच छातीठोकपणे हो म्हणायचो.

अखेर मामा येणार असल्याचा सांगावा आला. व्याही येणार म्हटल्यावर बायकोनं घर धुऊन काढलं आणि न्हाणीतला पाणी तापवायचा तांब्याचा बंबही चिंच लावून असा घासला की त्यात तोंड दिसावं. आणि नेमका त्याच सकाळी बंब रुसला. मधल्या धुराड्यात जाळ काही धरेना, धूर उलटा घरात, पाणी गारच्या गार. बाळाला न्हाऊ घालायला आलेली बाई पाट मांडून खोळंबली. बायको स्टोव्हवर पातेलं चढवते न चढवते तोच दारात मामा उभे!

शकू आतल्या खोलीत मुलीला मांडीवर घेऊन, पदर सारखा करून बसली होती. मामांनी हवेत नाक फिरवलं, पटका काढून माझ्या हातात दिला आणि तिच्या दारावरून तडक न्हाणीत गेले. आत वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आता व्याह्यांचे पाय धुवायचे की त्यांच्या हातात राखेचं घमेलं द्यायचं? पण सांगणार कोण! बंबाला कान लावून मामा म्हणाले, "स्टो इझवा. त्याला वाटंल, आपल्यावाचून चाललंय ह्यांचं." मग त्यांनी पाणी जपून बादल्यांत काढलं, जाळी बदलली, तोटी खोलली, लाकडं ओली ठरवली, बंबाचं तोंड पूर्वेचं पश्चिमेला केलं. धूर होता तेवढाच राहिला. आत शकूच्या डोळ्यांतलं पाणी धुरामुळे नव्हतं. "तोंडसुद्धा पाहिलं नाही हो वहिनी," ती म्हणाली, आणि मला मामांचा मनापासून राग आला.

शेवटी मामांनी चिडून खालून फुंकणी लावली आणि सगळा जीव एकवटून फुंकर मारली. धुराड्यातून काजळीचा लोट उठला आणि अर्धवट जळलेलं ओलं गोणपाट त्यांच्या डोक्यावर येऊन बसलं. बायकोचा चेहरा पांढराफटक. घासताना चिंचेचं पाणी आत जाऊ नये म्हणून तिनंच ते वरून कोंबलं होतं आणि काढायला विसरली होती. मामांनी गोणपाटाकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि ते गुपचूप धोतराच्या सोग्यात दडवलं. "चिमनीचं घरटं व्हतं," ते मोठ्यांदा म्हणाले. "चिमन्या लई वंगाळ."

बादल्यांतलं पाणी परत बंबात भरल्यावर जाळ धरला. आमच्या बंबात वरच्या नरसाळ्यात गार ओतलं की तेवढंच कढत तोटीतून बाहेर पडे. मामांनी तांब्या कुणाच्या हाती दिला नाही. बाईनं बाळाला पायांवर घेतलं तसे ते पाठमोरे उभे राहून अंदाजानं गार ओतत राहिले आणि विचारत राहिले, "चटकं न्हाई ना बसत?" पाणी अंगावर पडताच पोरीनं टाहो फोडला. मामांचा हात थांबला. त्यांनी डोळे मिटले, कान तिकडे केला.

"सूनबाई," ते तिथूनच ओरडले, "आवाज निर्मळ हाय! काय खोलायला नको हिचं!"

आतल्या खोलीत शकू रडता रडता हसली. मुलीला दुपट्यात गुंडाळून ती घेऊन आली, तर मामा चार पावलं मागे सरले. हात काळे होते. शकूनं तिला त्यांच्यापुढे धरलं, तेव्हा हात पाठीशी बांधून ते नुसते वाकले आणि त्यांनी नातीच्या छातीला कान लावला. तिच्या दुपट्यावर काजळीचा डाग पडला. शकूनं तो कधी धुऊ दिला नाही.

मामा गेले त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. परवा घरातला गिझर बंद पडला. मेकॅनिक यायच्या आधी, कुणी बघत नाही असं पाहून, मी त्याला कान लावला. काही ऐकू आलं नाही. पण मामांची फार आठवण आली, आणि मी तसाच थोडा वेळ उभा राहिलो.