सासूबाईंच्या ओटीवर तासाचं इंटरनेट

मनोरीला सासूबाईंच्या घरचं इंटरनेट मी दुरुस्त केलं, तेव्हा ते उत्तम चालू होतं.

गिरणी बंद पडल्यावर माझ्या सासऱ्यांनी मनोरीला वाडीतलं एक घर घेतलं. ते गेल्यानंतर सासूबाईंनी मागच्या चार खोल्या पाहुण्यांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. वय अठ्ठ्याहत्तर, उंची पावणेपाच फूट आणि आवाज खाडीपलीकडे मार्व्याच्या धक्क्यावर ऐकू जाईल असा. पूर्वी पाहुणे समुद्र बघायला यायचे. आता अंधेरी-मालाडची मंडळी सकाळच्या बोटीने लॅपटॉप घेऊन येतात, ओटीवर बसतात, समुद्राकडे पाठ करतात आणि ऑफिसच्या मीटिंगला लागतात!

"येक चाय घेतत आणि दिवसभर नेट खातत!" सासूबाईंनी फोनवर तक्रार केली. "आणि त्या श्रुतीचा काम अडता!"

श्रुती म्हणजे त्यांची लाडकी पाहुणी. खारफुटीतल्या खेकड्यांवर पीएचडी करत होती. वर्षभर येऊन-जाऊन राहायची, सकाळी चिखलात उतरायची आणि दुपारी ओटीवर लिहीत बसायची. तिची शेवटची तोंडी परीक्षा ऑनलाइन होणार होती. घाटकोपरला तिच्या घराशेजारची इमारत पाडायचं काम चालू होतं, म्हणून ती परीक्षा इथूनच देणार होती. त्या दिवशी ओटीवरच्या दहा जणांनी नेट ओढलं असतं, तर पाच वर्षांच्या कष्टांची वाट लागली असती.

"अहो, तुम्ही टेलिफोन खात्यात होतात ना? काहीतरी करा की!" माझी बायको अलका म्हणाली.

(मी टेलिफोन खात्यात बिलांवरचे पत्ते तपासायचो. पण सासरी हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.)

साकीनाक्याच्या एका दुकानात मला हवी तशी पेटी मिळाली. आपण तिच्यातून कुपनं काढायची, प्रत्येकावर वेगळा नंबर. पाहुण्याने लॅपटॉप उघडला की नंबर विचारणारं पान येणार, नंबर टाकला की नेट सुरू, आणि तास संपला की बंद. म्हणजे पैसे भरतील त्यांनाच नेट, तेही मोजून!

"एकदम सोपं आहे, काका. लहान मूल पण लावेल," दुकानदार म्हणाला.

आमच्या घरात लहान मूल नव्हतं, म्हणून मीच लावली.

परीक्षेच्या दिवशी सकाळी पहिल्या बोटीने आम्ही पोचलो. घरातल्या नेटच्या जुन्या पेटीची वायर काढून मी नव्या पेटीत खोचली. निळा दिवा लागला आणि खरं सांगतो, अंगावर काटा आला! मग लॅपटॉपवर पान उघडलं. 'आपले स्वागत आहे. कृपया कुपन क्रमांक टाका.' हे शब्द मी स्वतः टाइप केले होते. जन्मभर मी लोकांचे पत्ते तपासले, आणि आज लोक माझ्याकडे क्रमांक मागणार! मी वेळेच्या चौकोनात ६० भरले, एक कुपन टाकून बघितलं, बातम्या उघडल्या, "झकास!" म्हणालो आणि लॅपटॉप मिटला. शंभर कुपनं छापली. सासूबाईंनी ती विळीवर सरळ रेषेत कापून दिली. (कात्रीने माझी तिरकी जात होती.)

"श्रुतीक धा देवया, फुकट," त्या म्हणाल्या.

"दहा कशाला, आई? एकात तासभर चालतं," मी ऐटीत म्हणालो.

साडेअकराला श्रुती साडी नेसून ओटीच्या कोपऱ्यात बसली आणि तिने पहिलं कुपन टाकलं. पडद्यावर तीन परीक्षक आले. मधले, पांढऱ्या मिशांचे, घसा खाकरून म्हणाले, "तुमच्या प्रबंधातली सगळ्यात मोठी उणीव मला अशी वाटते की..."

पडदा थिजला! मिशी वर, तोंड उघडं. आणि त्यावर माझं पान, 'आपले स्वागत आहे.'

"काका!" श्रुती किंचाळली.

सासूबाईंनी दुसरं कुपन काढलं. पाहुण्यांची नोंदवही लिहून लिहून त्यांना इंग्रजी अक्षरं तोंडपाठ होती. "के, सात, टी, दोन, दोन, एम!" नंबर पडला आणि मिशा हलायला लागल्या.

"...आणि म्हणूनच हे मला अक्षम्य वाटतं. यावर तुमचं काय म्हणणं आहे?"

उणीव कुठली ते कुणालाच कळलं नव्हतं! श्रुतीने माझ्याकडे बघितलं. मी समुद्राकडे बघितलं. "सर, प्रश्न पुन्हा..." ती म्हणाली आणि स्वागत आहे!

"अहो, तुम्ही नक्की किती वेळ लावलाय?" अलकाने दात-ओठ खात विचारलं.

"साठ!"

"साठ काय?"

मी कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि माहितीपत्रक बघितलं. चौकोनाच्या शेजारी मुंगीच्या अक्षरात लिहिलं होतं, सेकंद.

म्हणजे तासाचं कुपन एका मिनिटाचं झालं होतं! एक मिनिट परीक्षा, मग स्वागत, मग "आर, चार, झेड...", मग पुन्हा परीक्षा. आकडा बदलायला मी पेटीत शिरायला गेलो, तर तिने पासवर्ड विचारला. तो मी सकाळी असा भक्कम ठेवला होता, की कुणालाही ओळखता येऊ नये. मलाही आला नाही. तीन वेळा चुकलो, तेव्हा पेटीने अर्धा तास माझं तोंड बघायला नकार दिला.

"मोबाईलवरून घेऊ नेट!" अलका म्हणाली. पण मनोरीला त्या घरात मोबाईलची रेंज फक्त पाण्याच्या टाकीवर येते, आणि साडी नेसलेल्या उमेदवाराला टाकीवर कसं चढवणार?

नववं कुपन गेलं. श्रुतीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सासूबाई शांतपणे माझ्याजवळ आल्या.

"जावयबापू, ही पेटी येवच्या आधी नेट चलत होता मां?"

"हो, पण आता..."

"मगे ती काढा!"

मी तोंड उघडून 'नेटवर्कची रचना' असं काहीतरी बोलणार होतो, पण तोवर त्यांनी माझ्या पेटीतली वायर उपटली आणि जुन्या पेटीत खोचली. त्या पेटीचा दिवा आधी लाल झाला. मग हिरवा झाला! श्रुतीच्या लॅपटॉपला जुनं नेट ओळखीचं होतं. तो आपणहून जोडला गेला. ओटीवर दोन पाहुणे लॅपटॉप उघडू लागले, तर सासूबाई गरजल्या, "खबरदार! पोरीची परीक्षा आसा! चला, सगळे समुद्र बघा!"

आणि ते गेले, हो! दहाच्या दहा जण मुकाट्याने वाळूत जाऊन समुद्र बघत उभे राहिले. मी दोन आठवडे डोकं शिणवून, पेटी आणून, कुपनं छापून जे साधलं नाही, ते या बाईने एका वाक्यात केलं.

सरांनी ती उणीव पुन्हा सांगितली आणि पुढची वीस मिनिटं श्रुती अशी बोलली, की मला खेकड्यांबद्दल आदर वाटायला लागला. शेवटी मिशीवाले सर म्हणाले, "चंद्राच्या कलांचा तुम्ही उल्लेख केलाय. इथल्या स्थानिक लोकांचं निरीक्षण काय आहे?"

श्रुतीने तोंड उघडायच्या आत मागून उत्तर आलं. सासूबाई हातात कुपनं धरून तिच्या खुर्चीमागेच उभ्या होत्या. "अमावाशेक खेकडो भरलेलो असता, पुनवेक पोकळ! म्हणान पुनवेक आमी खेकडे घेवचोच नाय!"

'संपलं,' मी मनात म्हणालो.

सर पुढे वाकले. "आजी, तुम्ही हे किती वर्षं बघताय?"

"पन्नास तरी."

"श्रुती, हे प्रबंधात आहे?"

"पान एकशे बारा, सर. माहिती देणाऱ्या ह्याच आजी," श्रुती म्हणाली.

तिन्ही परीक्षक हसले. पाच मिनिटं त्यांनी आपसात चर्चा केली आणि श्रुतीला 'डॉक्टर' म्हणून हाक मारली. ती उठली आणि सासूबाईंच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. अलकाही रडली. मीही रडलो, पण माझ्या रडण्यात सुटकेचा भाग जास्त होता.

आता तिथे तासाचे पैसे सासूबाई स्वतः घेतात. पेटी नाही, कुपन नाही. पाहुणा बसला की त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे एकदा बघतात आणि तास भरला की खुर्चीशेजारी येऊन नुसत्या उभ्या राहतात. दोन-दोन कंपन्या चालवणारी माणसं लॅपटॉप मिटून पैसे काढतात.

माझा मान मात्र जावयाचाच आहे. पाट मांडतात, सोलकढी वाढतात, तब्येत विचारतात. फक्त मी कुठल्याही वायरच्या दोन हातांवर गेलो की आतून तो मार्व्यापर्यंतचा आवाज येतो, "जावयबापू, तुमची बोट सुटतली!"

मग मला येऊन दहाच मिनिटं का झालेली असेनात!