छाती अडतीस, कंबर तीस
सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं. आवाज भरण्याच्या खोलीत एकोणऐंशी वर्षांचे सूटवाले मायक्रोफोनसमोर एकच वाक्य अठराव्यांदा म्हणत होते. "तुम्ही जा या घरातून. मागोमाग मीही येतो." समोर पडद्यावर चौतीस वर्षांचे सूटवाले उभे होते, केस चापूनचोपून बसवलेले, ओठ मात्र भलतेच हलत होते.

जुन्या चित्रपटाचं चित्र साफ करून झालं होतं. पाच रिळांचा आवाज पार गेला होता, तो नव्याने भरायचा होता. आज जमलं नाही तर उद्यापासून त्यांच्या आवाजाची नक्कल करणारा कलाकार येणार होता. सूटवाल्यांच्या एक्केचाळीस चित्रपटांपैकी नायिका त्यांना मिळाली ती याच एकात.

"बाकी सगळीकडे ती मला नाकारायची," ते सांगतात. "तीनदा तर मी मेलो. पण इस्त्री मोडली नाही."

वडील शिंपी. मुलगा नायकाचा सूट पोचवायला स्टुडिओत गेला. नायक आला नव्हता आणि दिवे लावून बघायचे होते, म्हणून यालाच सूट चढवून उभा केला. पुढची सतरा वर्षं तो उभाच राहिला. "अभिनय मी केला असं कुणी म्हणत नाही. मीही नाही." कामं आटली तसे ते दुकानात परतले. गिऱ्हाईक म्हणायचं, तुम्ही अगदी त्या नटासारखे दिसता. "तो बिघडला, मी सुधारलो," असं म्हणत ते टेप काढायचे.

"सर, ओठ जुळत नाहीत," ध्वनिमुद्रण करणारी म्हणाली.

"तेव्हाही जुळले नव्हते. लोक सूट बघत होते."

"आता पडदा मोठा आहे. जिवणीवरची सुरकुतीही दिसते."

सूटवाल्यांनी काचेपलीकडे बसलेल्या आपल्या मुलीकडे पाहिलं आणि ते खाकरले. "मी ते वाक्य बोललोच नव्हतो. ऐन वेळी विसरलो. दिग्दर्शक म्हणाले, ओठ हलवा, आवाज नंतर भरू. तोंडात आलं ते म्हटलं."

"काय म्हटलंत?"

"छाती अडतीस, कंबर तीस, बाही चोवीस."

लहानपणी वडील मापं घ्यायचे, सूटवाले ती मोठ्याने म्हणत वहीत उतरवायचे. तेवढंच पाठ होतं.

"बाबा," मुलगी म्हणाली, "आई या प्रसंगावर भाळली होती."

"आयुष्यभर मला कपडे तिनेच निवडून दिले. या मापांचा तिला संशय असणार."

ध्वनिमुद्रण करणारी हसली नाही. तिने ती मापं कागदावर लिहिली, कुठे ओठ मिटतात तिथे खुणा केल्या. कंबर म्हणताना मिटतात, बाही म्हणतानाही. मग मूळ वाक्याचे तुकडे हलवून खाली मांडले आणि कागद त्यांच्यापुढे धरला.

"मापांच्याच चालीत म्हणा, सर."

"या घरातून, तुम्ही जा, मीही येईन."

पडद्यावरचा तरुण नेमकं तेच बोलला.

"मूळ लेखकापेक्षा बरं झालं," सूटवाले म्हणाले. "नटापेक्षा तर नक्कीच."

भिंतीवरच्या वेळापत्रकात नक्कल करणाऱ्याचं नाव खोडलेलं आहे. उद्या सकाळी दहा वाजता, रीळ आठ, आवाज: स्वतः.