विडीच्या पानातल्या पाच नोटा

इतकी वर्षं लोटली, पण त्या पाच नोटा काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाहीत. एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरचा जानेवारी. मी सोलापुरात फौजदार होतो. गड्ड्याच्या जत्रेचा बंदोबस्त नुकताच उरकला होता, पायांचे तुकडे पडले होते, आणि सोमवारी रेडिओने बातमी दिली: हजाराच्या आणि त्यावरच्या नोटा बाद. ज्याच्याकडे असतील त्याने गुरुवारपर्यंत बँकेत जायचं, नोटा कुणाच्या, कधी आणि कुठून मिळाल्या हे फॉर्मवर लिहून द्यायचं, मगच बदलून मिळणार. खोटं लिहिलं तर गुन्हा. बड्या लोकांनी आपल्या नोटा गरिबांच्या नावावर खपवू नयेत म्हणून आम्हाला डोळ्यांत तेल घालून राहायला सांगितलं होतं.

मंगळवारी सकाळीच खबर आली. खबर देणारा भवानी पेठेतला एक पानवाला.

"सायेब, आमच्या गल्लीत एक विडी वळणारी हाय. कालपास्नं तीनदा येऊन विचारतीया, हजाराची नोट खरंच बंद झाली का म्हणून. मी म्हनलं, तुला काय करायचंय? तर तोंड पांढरंफटक पडलं की तिचं!"

घावला मासा, असं मी मनात म्हटलं. हजाराची नोट मी फौजदार असून पगारात कधी पाहिली नव्हती. विडीवालीला तिची काळजी कशाला? मागे कुणीतरी शेट असणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यावर बोलवायचं नाही, तिच्या घरी जायचं, असा कायदा आहे. तो मी कसोशीने पाळत असे. हवालदाराला घेऊन गेलो. एकच खोली. पन्नाशीची विधवा बाई मांडीवर सूप घेऊन बसलेली, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. घरात तेलुगू, बाहेर सोलापुरी मराठी. सगळी गल्ली तिला अक्का म्हणत असे.

"नोटा काढ," मी दरडावलं.

तिने डब्यातून विड्यांचं एक बंडल काढलं. मधल्या पाच विड्या उपसल्या आणि एकेकीचं पान उलगडलं. प्रत्येकीत तंबाखूच्या जागी हजाराची नोट!

"कुणाच्या?"

"माज्या."

"शेटनं किती पैसे कबूल केलेत?"

तिने कात्री खाली ठेवली. "त्याचं नाव काढू नका सायेब. शंभर विड्यांतल्या दहा खराब म्हनून फेकतो, आन् त्याच मागनं दुकानात इकतो. त्याचं पाप मी कशाला घरात ठिऊ?"

तासभर मी ओरडलो, समजावलं, पुन्हा ओरडलो. ती ढिम्म. "मी चोर न्हाय," एवढंच. शेवटी नंबर उतरवून घ्यावेत म्हणून नोटा जमिनीवर मांडल्या, तर त्या सपाट राहीनात. हवालदाराने अंगठ्याने दाबाव्यात, अंगठा उचलला की पुन्हा सुरळी. कडा तंबाखूने तपकिरी झालेल्या. वासही तोच. शेटच्या तिजोरीतली नोट गठ्ठ्यात असते, सपाट असते, तिला टाचणीची भोकं असतात. या नोटा वर्षानुवर्षं गुंडाळलेल्या होत्या, आणि बातमी तर कालची. माझा तर्क साफ आपटला होता. खरं सांगतो, मला लाज वाटली.

"अक्का," मी म्हटलं, "कुणाच्या आहेत ते तुम्ही मोकळेपणानं सांगा."

'तू'चं 'तुम्ही' झालेलं तिने बरोबर ऐकलं. मग बोलली. तिला धरून चौदा विडीवाल्यांची भिशी होती. आजारपण आलं, नवऱ्याने टाकलं, तर त्या दिवसासाठी ठेवलेले पैसे.

"बारक्या नोटांचं पुडकं फुगतंय सायेब, नवऱ्याला घावतंय. म्हनून मोठी नोट करायची. आन् माज्या घरात पिऊन येनारं कुनी न्हाय, म्हनून ठेव माज्याकडं." एकेकीची किती ठेव, हेही तिने तोंडपाठ म्हणून दाखवलं. नावं मात्र नाहीत.

"फॉर्मवर नावं लागतात. नाहीतर गुरुवारनंतर हा नुसता कागद."

"मग जाळते. नाव फुटलं तर घराघरांत मार पडंल, आन् पैसं बी जातील. पोरींना मी जबान दिलीया."

मी बँकेत गेलो. अधिकारी भला माणूस. म्हणाला, चौदा जणींची नावं आणि अंगठे द्या, तुमचा चौकशी अहवाल जोडा, मी घेतो. कायदा बरोबर होता आणि अक्काही बरोबर होती. दोघांच्या मध्ये माझी खाकी. जेवायला बसलो तर भाकरी नुसतीच कुस्करत राहिलो. आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, मी सगळं सांगितलं.

"अहो, संक्रांतीचं हळदीकुंकू कशाला असतं मग?" ती म्हणाली. "उद्या आपल्या घरी करते. तिथं कुठला नवरा येतोय? आणि नावं तुम्ही नका विचारू. अक्काच बोलावतील सगळ्यांना."

वाहवा! माझ्या सगळ्या ट्रेनिंगमध्ये ही युक्ती कुणी शिकवली नव्हती.

अक्काला मी शब्द दिला: नावं ज्या त्या आपणहून सांगतील, आणि ती बँकेबाहेर जाणार नाहीत. बुधवारी दुपारी पोलीस लाइनीतल्या आमच्या दोन खोल्या भरून गेल्या. मी साध्या कपड्यांत बाहेर पायरीवर. आत हळदीकुंकवाच्या तबकात ठाण्यातलं शाईचं पॅड. अक्का मात्र उंबऱ्याबाहेर थांबलेली. विधवेने हळदीकुंकवाला आत जायचं नाही, ही रीत. इतका हुशार फौजदार मी, माझ्या ते ध्यानातच आलं नव्हतं. सौभाग्यवती बाहेर आली, अक्काचा हात धरला आणि म्हणाली, "तिळगूळ तर सगळ्यांनाच असतो की. चला आत."

एकेकीला स्वयंपाकघरात नेऊन तिने विचारलं, लिहून घेतलं, अंगठा उठवला. शाई घरी दिसेल म्हणून ती रॉकेलचा बोळा पुढे करू लागली, तर आतून हशा उठला. "बाई, आमची बोटं रोजच काळी. कोन बगतंय?"

अक्काने तोंडपाठ म्हटलेले आकडे आणि चौदा जणींनी स्वतंत्रपणे सांगितलेले आकडे यांत एका रुपयाचाही फरक नव्हता. मी अहवाल लिहिला: 'चौकशीअंती सदर नोटा सदर महिलांच्या कष्टाच्या असल्याचे दिसून आले.' गुरुवारी अक्काने शंभराच्या पन्नास नोटा पदरात बांधल्या. एकाही नवऱ्याला पत्ता लागला नाही.

नोकरीत मला बक्षिसं मिळाली, शाबासकी मिळाली. पण छातीला हात लावून सांगतो, त्या एका ओळीच्या अहवालाइतका अभिमान मला कशाचाच नाही. पैसा कुठून आला हे विचारायचा हक्क सरकारने मला दिला होता आणि तो हवाच, नाहीतर शेटलोक मोकाट सुटतील. पण आपल्या घामाचा पैसा कुणापासून झाकायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. हे मला अक्काने शिकवलं.

निवृत्तीनंतर जुळे सोलापुरात घर बांधायला काढलं. स्लॅबपाशी पैसे संपले. मी डोक्याला हात लावून बसलो होतो, तेव्हा सौभाग्यवतीने कपाटामागून एक पुडकं काढून माझ्यासमोर ठेवलं. चांगलं जाडजूड.



"त्या दिवशी अंगठे चौदा घेतले," ती शांतपणे म्हणाली. "त्या दिवसापासून भिशीत पंधरावी मी."

किती वर्षं, किती पैसे, कुणाकडे? सगळे प्रश्न तोंडाशी आले होते. आयुष्यभर लोकांना तेच तर विचारलं होतं. मी पुडकं कपाळाला लावलं आणि काही न विचारता गवंड्याला हाक मारली.